खटपट्या गप्प का झाला?

घरोघरी मातीच्या चुली असतात, तशा हल्ली घरोघरी झडत्याही असतात. कुणी मुलांचा फोन चाळतो, कुणी वह्यांची मागची पानं उलटतो, कुणी बंद दाराला कान लावतो. जाब विचारलाच तर उत्तर ठरलेलं, "काळजीपोटी करतो हो!" वाचकहो, ही गोष्ट अशाच एका काळजीवाहू बापाची आहे. वाचताना मधेच आपलीच वाटली तर माझ्यावर रागावू नका.

हा बाप पितळी नळ बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर तपासनीस होता. सुटीचा भोंगा वाजला की तीनशे माणसं त्याच्यासमोरून रांगेने जात. पिशवी उघडायची, डबा उघडायचा, हात पुढे करायचे. सोळा वर्षांत त्याच्या नजरेतून नळाची एक चकतीसुद्धा सुटली नव्हती. कामगारांनी त्याचं नाव 'एक्सरे' ठेवलं होतं, आणि त्याला ते बक्षिसासारखं वाटे. नव्या पोरांना तो शिकवायचा, "आधी चेहरा बघायचा, मग हात, पिशवी सगळ्यात शेवटी. जो भिंतीकडे बघतो, त्याच्याकडे माल असतो!"

इथवर ठीक होतं. पण कारखान्याचा गणवेश खुंटीला टांगला तरी फाटकावरची नजर काही टांगली जात नव्हती. त्याची अकरा वर्षांची लेक चिंगी रोज संध्याकाळी, कुणी न सांगता, दप्तर जेवणाच्या टेबलावर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरून उभी राहायची. दोन्ही हात पुढे, तळवे वर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बापाला त्यात शिस्त दिसायची. तिच्या आईला काय दिसायचं, ते ती कधी बोलली नाही.

त्या गुरुवारी दप्तरात नेहमीचंच सगळं होतं. पण नकाशाच्या पुस्तकाला घातलेलं कव्हर जरा फुगलेलं होतं. एक्सरेच्या बोटांना ते लगेच कळलं. आत एक पातळ वही होती. चिंगी भिंतीकडे बघत होती.

"जा, हातपाय धू," तो सहज म्हणाला, आणि तिची पाठ वळताच त्याने वही उघडली.

पहिल्याच पानावर चिंगीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बारा वाजले की निघायचं. लहानीला बरोबर घ्यायचं. म्हातारीला कळता कामा नये. मागच्या दाराने बाहेर पडलो की परत फिरायचं नाही.'

आणि समासात लाल शाईने, मोठ्या माणसाच्या ठसठशीत तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'शनिवारी चार वाजता, मागचं दार. बाबांना अजून सांगू नकोस.'

त्याच्या पायाखालची जमीन सरकली! लहानी म्हणजे कोण? घरात लहान ती चिंगीच. म्हातारी म्हणजे अर्थात त्याची आई, जी शाळा सुटली की नातीजवळ घरी असते. आणि ही लाल शाई कुणाची? सोळा वर्षं फाटकाच्या नोंदवहीतल्या सह्या वाचणाऱ्या एक्सरेने क्षणात निकाल दिला, हे पुरुषाचं अक्षर आहे, वय पन्नासच्या पुढे. मुलीला कुठेतरी न्यायचा बेत आहे, आणि तिला आधी बापापासून तोडलं जातंय.

असं वाचल्यावर कुठला बाप शांत बसेल? घाबरला यात त्याची चूक नव्हती. खरं तर त्याने तिथल्या तिथे हाक मारून विचारायला हवं होतं, "चिंगे, हे काय आहे गं?" पण विचारणं हा त्याचा धंदाच नव्हता. माणूस खोटं बोलतं, पिशवी बोलत नाही, अशी त्याची पक्की समजूत. त्याने वही जिथल्या तिथे ठेवली. चोराला मुद्देमालासकट पकडायचं!

जेवताना त्याने ताकास तूर लागू न देता खडा टाकून पाहिला.

"शनिवारी काय बेत आहे सगळ्यांचा?"

"कसला बेत?" बायको ताटाकडे बघत म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि शनिवारी तिची दुपारपाळी असे. "मी दुकानात."

"मी जरा पाय मोकळे करून येईन म्हणते," आई म्हणाली.

"किती वाजता?"

"अरे, पाय मोकळे करायला काय मुहूर्त लागतो?" तिला एका कानाने कमी ऐकू येई. पण नको तो प्रश्न आला की ती दोन्ही कानांनी बहिरी व्हायची.

"आणि तू गं?"

"काही नाही," चिंगी म्हणाली.

आता तिघी भिंतीकडे बघत होत्या. म्हणजे सगळ्याच सामील! की सगळ्यांनाच कुणी गुंडाळून ठेवलंय?

चिंगी पूर्वी अशी नव्हती. तो कारखान्यातून आला की ती त्याला शाळेत कोण पडलं, कोण रडलं, कुणाच्या डब्याला मुंग्या लागल्या, सगळं सांगायची. नको नको म्हणावं इतकी बडबड! ती थांबली ते दोन महिन्यांपूर्वी. तिच्या दप्तरात त्याला एक चिठ्ठी सापडली होती. चिंगीची जिवलग मैत्रीण, जिला सगळे झिपरी म्हणत, तिने लिहिलेली. 'गणितात नापास झाले. पेपरावर बाबांची सही मीच केली. आता काय करू?' तपासनीसाने आपलं कर्तव्य केलं. लगेच झिपरीच्या वडिलांना फोन लावला. दुसऱ्या दिवसापासून झिपरीचं शाळेखेरीज सगळं येणं-जाणं बंद झालं, आणि ती चिंगीशी बोलेनाशी झाली. तेव्हापासून चिंगीची उत्तरं दोनच, 'हो' आणि 'नाही'. "मी काय वाईट केलं? खोटी सही पकडून दिली!" असं तो त्यावेळी बायकोला म्हणाला होता. बायको ताटं उचलून आत गेली होती.

शनिवारी त्याने पाळी बदलून घेतली. साडेतीनला चिंगी दप्तर खांद्याला लावून घरातून निघाली. वीस पावलांचं अंतर ठेवून तोही निघाला. सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी ती थांबली, तसा तो एका ट्रकच्या आड झाला. तिने मागे वळून बघितलं. का बघितलं? ज्याच्या मनात काही नाही, तो मागे बघतो का? (वाचकहो, ट्रकच्या आड उभं राहून हा प्रश्न विचारणाऱ्याला काय म्हणावं!) पुढे चौकातून ती डावीकडे वळली आणि जुन्या वाचनालयाच्या बाजूच्या बोळात शिरली. शनिवारी दुपारी वाचनालय बंद असतं, हे त्याला माहीत होतं. समोरच्या दाराला कुलूपही होतं.

बोळाच्या टोकाशी एक लोखंडी दार होतं. चिंगीने तीनदा टकटक केली. दार किलकिलं झालं आणि एक हात बाहेर आला. त्या हातात लाल पेन होतं. हाताने चिंगीला आत घेतलं आणि दार मिटलं.

तो धावला आणि दार ढकललं. दाराला कडी नव्हती. आत मिट्ट काळोख. एवढा काळोख कशाला? त्याने मुठी आवळल्या. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या कोपराला धरलं आणि एका बाईचा आवाज कुजबुजला, "उशीर केलात, सुरू होतंय. बसा, बसा, इथे एक खुर्ची आहे." आणि त्याला काही सुचायच्या आत तो खुर्चीवर बसलाही होता.

समोर पडदा उजळला. पडद्यावर एक चित्रातलं गोदाम, आणि त्यात चौकोनी डोक्याचा, एक गुडघा वाकडा असलेला यंत्रमानव. उजेडात तपासनीसाला आजूबाजूची डोकी दिसली. पन्नास-साठ तरी असतील. पांढरी डोकी, टकली डोकी, मधेमधे रिबिनी बांधलेली डोकी. कुणाच्या मांडीवर नातवंड, कुणाच्या हातात काठी.

यंत्रमानवाने तोंड उघडलं आणि पडद्यामागून आवाज आला, "मी खटपट्या! या गोदामात तीस वर्षं नोकरी करतोय. पगार शून्य, सुट्या शून्य, पण एक दिवस गैरहजर नाही!"

सगळी म्हातारी मंडळी खो खो हसली. तपासनीस मात्र हसला नाही. तो आवाज चिंगीचा होता! नाकातून काढलेला, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा, पण चिंगीचाच.

सिनेमा होता परक्या भाषेतला. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी न विचारताच सांगून टाकलं, की मोठ्यांना ती भाषा कळत नाही आणि पडद्यावरची पळती अक्षरं वाचवत नाहीत, म्हणून पोरांनी अख्खा सिनेमा आपल्या भाषेत लिहून काढला, आणि आता पडद्यामागे बसून सगळी पात्रं तीच बोलतायत. "अडीच महिने तालमी केल्या हो पोरांनी. आज पहिला खेळ!"

तरी त्याचा संशय गेला नव्हता. हे सगळं ठीक, पण लाल शाई? 'बाबांना सांगू नकोस', ते कशासाठी? तो पडद्याकडे नाही, दारांकडे बघत होता. बाहेर जायच्या वाटा किती, पडद्यामागे किती माणसं मावतील, याचा हिशेब चालला होता. एवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी पडदा फार जवळ पडतो म्हणून उठली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली. पडद्यावरची नजर न हलवता तिने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"काय म्हणाला हो तो आता? मला या कानाने ऐकू येत नाही."

ती त्याची आई होती!

तो गारठला. पाय मोकळे करायला निघालेली आई इथे! पण तिचा पाय त्या चित्रातल्या गोदामात केव्हाच अडकला होता. तिने पुन्हा थाप मारली. "अहो, सांगा की!" आता काय करणार बिचारा? तो तिच्या चांगल्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, "म्हणतो, माझा गुडघा हवामानखात्यापेक्षा हुशार आहे. पाऊस यायचा असला की आधी कुरकुरतो."

"माझाही!" आई इतकी हसली की तिचा चष्मा घसरला. मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

मग पुढचा अर्धा तास एक्सरेसाहेब आपल्याच आईच्या कानात यंत्रमानवाचं बोलणं ओतत राहिले. सांगायचं म्हणजे नीट ऐकायला हवं, आणि नीट ऐकलं की माणूस सिनेमात शिरतोच. खटपट्याला भंगारात एक इवलीशी यंत्रमुलगी सापडली होती. ती लहानी. बॅटरी संपत आलेली. तिला डोंगरावरच्या उन्हात न्यायचं होतं, आणि गोदामावर पहारा होता एका जुन्या, गंजक्या क्रेनचा. तिला सगळे म्हातारी म्हणायचे. लहानीचा आवाज मात्र जरा घोगरा, मधेच खोकणारा होता, आणि त्यावर पोरं दरवेळी फिदीफिदी हसत.

"बारा वाजले की निघायचं," पडद्यावरचा खटपट्या हळूच म्हणाला. "लहानीला बरोबर घ्यायचं. म्हातारीला कळता कामा नये. मागच्या दाराने बाहेर पडलो की परत फिरायचं नाही."

तपासनीसाच्या तोंडून पुढचं वाक्यच फुटेना. दोन रात्री ज्या ओळींनी त्याची झोप उडवली, त्या ह्या! त्याला आधी हायसं वाटलं, मग शरम वाटली, आणि मग खटपट्या आपलाच पाय बादलीत अडकवून धडपडला तेव्हा तो चक्क मोठ्याने हसला.

आईने चमकून वळून बघितलं. हसणं ओळखीचं होतं! नेमके त्याच वेळी मध्यंतराचे दिवे लागले.

"अरे देवा! तू?"

आणि पडद्याच्या कडेने डोकावणाऱ्या चिंगीनेही त्याला बघितलं. तिचा हसरा चेहरा दिवा विझावा तसा विझला. ती आत गेली.

लाल पेनवाली व्यक्ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सत्तरीच्या ग्रंथपालबाई! जाड चष्मा, खांद्यावर शाल, मधूनमधून खोकणाऱ्या. म्हणजे 'पन्नासच्या पुढचा पुरुष' आणि घोगरी लहानी, दोन्ही याच.

"तुम्ही चिंगीचे वडील," त्या म्हणाल्या. "मीच तुमच्याकडे यायला हवं होतं. 'बाबांना सांगू नकोस' असं कुठल्याही मोठ्या माणसाने पोराला लिहू नये. ती रडत होती, की बाबांना कळलं तर हे बंद होईल. मी म्हटलं, मी स्वतः येऊन बोलेन. आज जाते, उद्या जाते, करत राहिले. ती चूक माझी. तुम्ही चौकशीला आलात ते बरोबरच केलंत."

"मग मी चुकलो कुठे?" तो जरा ताठ झाला. "बापाने लक्ष ठेवायचं नाही?"

"लक्ष ठेवा ना! डोळ्यांत तेल घालून ठेवा. पण लक्ष ठेवणं वेगळं आणि झडती घेणं वेगळं. लक्ष मुलाच्या चेहऱ्यावर असतं, झडती त्याच्या खिशात. ज्याची रोज झडती होते, तो प्रामाणिक होत नाही, नुसता लपवण्यात तरबेज होतो. तुमच्या घरात तर बायको, आई, मुलगी, तिघींना लपवावं लागतंय. तिघी चोर आहेत का?"

"पण ती चिठ्ठी! खोटी सही केली होती त्या झिपरीने!"

"केली होती. आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः वडिलांना सांगणार होती. धीर होत नव्हता, म्हणून तुमची लेक तिच्याबरोबर जाणार होती. दोघींचं ठरलं होतं, कुणी आधी बोलायचं, कुणी हात धरायचा. तुम्ही आदल्या रात्रीच फोन केलात. त्या पोरीची खरं बोलायची संधी तुम्ही काढून घेतलीत, आणि वर तिची मैत्रीणही. लहानीचं काम तिचं होतं. तिला इथे यायची बंदी झाली, म्हणून तिच्या जागी लहानी मी बोलतेय, या वयात."

एवढं चिंगीने बाईंना सांगितलं होतं. त्याला नव्हतं सांगितलं. आणि त्याने विचारलं तरी कधी होतं?

दिवे गेले. सिनेमा पुन्हा सुरू झाला. डोंगराची वाट, वारा, खांद्यावर लहानीला घेतलेला खटपट्या. त्याने तोंड उघडलं, ओठ हलले, पण आवाज आला नाही.

पुन्हा तोंड हललं. आवाज नाही. लोक कुजबुजू लागले. "यंत्र बिघडलं काय?" कुणीतरी विचारलं. एक छोटी मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजोबा, खटपट्या का बोलत नाही?"

त्या सबंध सभागृहात ते का, हे एकाच माणसाला कळलं होतं. फाटकावर त्याच्यासमोर आल्यावर बडबडी माणसंसुद्धा गप्प होतात, याचा त्याला अभिमान होता ना! घ्या आता!

तो उठला. आईने बाही धरली. "बस रे, मला कोण सांगणार?"

"आई, मी गेल्याशिवाय तिला बोलता येणार नाही," तो म्हणाला, आणि कुणाला धक्का न लावता, अंधारात चाचपडत, लोखंडी दारातून बाहेर बोळात गेला. दार लावून घेतलं. भिंतीला टेकून उभा राहिला.

थोडा वेळ नुसतं संगीत ऐकू आलं. मग आतून पत्र्याच्या डब्यातला तो आवाज आला. आधी दबका, मग मोकळा. आत सगळे हसले, टाळ्या वाजल्या. तपासनीसाने डोळे पुसले. आपण बाहेर गेलो तेव्हा लेकीला आवाज फुटला! बापाला याहून मोठी शिक्षा काय असते?

खेळ संपल्यावर माणसं बाहेर पडली. शेवटी आजीचा हात धरून चिंगी आली. त्याला बघून तिने सवयीने दप्तर खांद्यावरून उतरवायला सुरुवात केली.

"नको," तो म्हणाला. त्याने दप्तर पुन्हा तिच्या खांद्यावर चढवलं. "चिंगे, चुकलं माझं. वहीचंही चुकलं आणि झिपरीचंही. मला तिच्या घरी जायचंय. आत्ता. तू येशील बरोबर?"

"कशाला?" तिने संशयाने विचारलं. संशय ती त्याच्याकडूनच शिकली होती.

"माफी मागायला."

"तिच्या बाबांची?"

"नाही. तिची."

आजीला बाईंच्या सोबतीने घरी धाडून दोघं निघाली. चिंगी चार पावलं मागेच राहून चालत होती, आणि त्याने तिला पुढे ओढलं नाही. झिपरीच्या वडिलांनी दार उघडलं. "अरे, या साहेब! तुमच्यामुळे कळलं बरं का आम्हाला त्या दिवशी."

"त्याचसाठी आलोय. मुलीला बोलवता का?"

झिपरी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सोळा वर्षं माणसांना खाली मान घालायला लावणारा तो तपासनीस एका अकरा वर्षांच्या पोरीसमोर गुडघ्यावर बसला.

"बाळ, तुझी चिठ्ठी माझ्यासाठी नव्हती. ती मी वाचली आणि तुझ्याआधी बोलून मोकळा झालो. तू खरं सांगणार होतीस, ते मी सांगू दिलं नाही. मला माफ कर. चिंगीने काही फोडलं नव्हतं, तिच्यावर राग धरू नको."

झिपरी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या बाबांकडे बघितलं. "मी खरंच सांगणार होते, बाबा. शुक्रवारी. आम्ही दोघी तुमच्या दुकानावर येणार होतो."

सही खोटी होती, हे तिच्या वडिलांना दोन महिने माहीत होतं. ही दुसरी गोष्ट आज पहिल्यांदा कळत होती. शेवटी त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढचा खेळ कधी आहे म्हणे?"

"शनिवारी!" दोघी एकदम ओरडल्या.

नागरिकहो, आपल्या मुलांवर लक्ष ठेवणं हा आपला हक्कच नव्हे, धर्म आहे. जग काही फार साधं नाही, आणि मूल कुणा मोठ्याचं गुपित सांभाळत असेल तर आपण विचारायलाच हवं. पण विचारा! दप्तराला नव्हे, मुलाला विचारा. आणि त्याने खरं सांगावं असं वाटत असेल तर आधी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा. ते ज्याला हसतं त्याला हसा, त्याच्या चित्रातल्या यंत्रमानवाची काळजी करा. ज्या घरात मोठी आणि लहान एकाच गोष्टीला मिळून हसतात, त्या घरात मुलांना काही लपवायची गरज सहसा पडत नाही. पडलीच, तरी ती फार दिवस लपवत नाहीत.

परतीच्या वाटेवर चिंगी आता त्याच्या बरोबरीने चालत होती. मग तिने त्याच्याकडे तिरकं बघितलं.

"बाबा, तू बाहेर होतास ना? म्हणजे तुला शेवट माहीतच नाही."

"नाही ना. पोचली का लहानी डोंगरावर?"

"एवढ्यात नाही कळणार! आधी मधे एक पूल लागतो," चिंगी म्हणाली, आणि तिने अगदी मध्यंतरापासून सांगायला सुरुवात केली. चौक आला, सायकलचं दुकान गेलं, घराचा जिना आला, तरी ती अजून पुलावरच होती. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "सावकाश सांग."